अब्बांच्या पेटीतली अमानत

धुळ्याकडून सुरतेला जाताना कोंडाईबारीचा घाट उतरला की आमचे गाव लागते, विसरवाडी. गावाच्या नावावरून आमची थट्टा नेहमीचीच. कुठे काही विसरलो की लोक म्हणतात, "विसरवाडीचे ना तुम्ही, मग बरोबर आहे!" पण आमच्या घरात एक गोष्ट विसरली जाऊ नये म्हणून आम्ही दोघा बहीणभावांनी जवळजवळ चार महिने एका जुन्या यंत्राशी झटापट केली. तिची ही हकीकत. आमच्यातला एक बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो, दुसरी प्राथमिक शाळेत शिकवते. लिहिले दोघांनी मिळून, म्हणून सगळीकडे "आम्ही".

आमचे मरहूम अब्बा १९८४ ते १९९० सौदी अरबमध्ये दम्मामला स्टोअरकीपर होते. परत आले तेव्हा दोन घोंगड्या, एक टेपरेकॉर्डर आणि जाड वहीएवढी एक पेटी घेऊन आले. ही पेटी म्हणजे एक छोटा संगणक. त्यांच्याबरोबर काम करणारा एक अमेरिकन इंजिनियर मायदेशी परतताना त्यांना तो अगदी थोड्या पैशांत देऊन गेला होता. अब्बांनी त्याला कधी संगणक म्हटले नाही, पेटीच म्हणत.

ते होते टँडी कंपनीचे टीआरएस-८० मॉडेल १००. हे यंत्र १९८३ साली बाजारात आले. बनवले जपानच्या क्योसेरा कंपनीने, विकले अमेरिकेतल्या रेडिओ शॅकच्या दुकानांनी. आज मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या मुलांना हसू येईल, पण त्या काळी ही नवलाई होती. पडदा ८ ओळींचा, एका ओळीत ४० अक्षरे. चार साध्या पेन्सिल सेलवर वीसेक तास चाले. आतला प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टचा, आणि त्याचा बराच भाग खुद्द बिल गेट्स यांनी लिहिलेला. अमेरिकेतले वार्ताहर याच यंत्रावर बातमी टाइप करत आणि टेलिफोनच्या तारेवरून कचेरीला पाठवत. आमच्या विसरवाडीत त्यावर किराणा दुकानाचा हिशोब लिहिला गेला.

दुकानाच्या हिशोबाबरोबर आणखी एक हिशोब होता. आमच्या नवापूर तालुक्यातले पुष्कळ आदिवासी मजूर दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि पावसाळ्याच्या आधी परततात. तेव्हा बँकेत खाते असलेला माणूस पाड्यावर शोधून सापडत नसे. परतलेले लोक कमाईतले काही पैसे अब्बांकडे ठेवायला देत. मुलीचे लग्न, घराची कौले, बैल, असे काही निघाले की येऊन मागून नेत. अब्बा त्या पैशांना हात लावत नसत. गल्ला वेगळा आणि अमानतीचा डबा वेगळा. कोणाचे किती, हे ते वहीत लिहीत आणि रात्री दुकान बंद झाल्यावर पेटीतही लिहीत. यंत्रात फक्त रोमन अक्षरे, म्हणून मराठी नावे रोमन अक्षरांत.

वही ऑगस्ट २०१८ मध्ये गेली. त्या महिन्यात नवापूर तालुक्यात अतिवृष्टी होऊन नद्यांना पूर आला, तेव्हा आमच्या बंद पडलेल्या दुकानातही पाणी शिरले. वही सापडली ती लगद्यासारखी, शाई सगळी उतरलेली. अब्बा ती हातात घेऊन कितीतरी वेळ ओट्यावर बसून राहिले.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात ते आजारी पडले. शेवटच्या दिवसांत बोलणे कमी झाले होते. एका रात्री आम्हा दोघांना जवळ बोलावून म्हणाले, "अमानत पेटीत आहे. कोणाचे राहिले असेल तर देऊन टाका." दोन दिवसांनी त्यांचा इंतकाल झाला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

आम्हाला वाटले, लोखंडी पेटी. तिचा तळ उपसला. घराची कागदपत्रे, जुना पासपोर्ट, अम्मीचा निकाहनामा, एवढेच निघाले. अम्मी दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "ती पेटी नव्हे. ती टकटक करायची पेटी."

यंत्र माळ्यावर होते, चादरीत गुंडाळलेले. सोबत एक वायर आणि तीन कॅसेट. एका कॅसेटवर अब्बांच्या हातचे उर्दू अक्षर, हिसाब, आणि खाली २००१.

इथे थोडे यंत्राबद्दल सांगणे भाग आहे. या जातीच्या यंत्रात आजच्यासारखी डिस्क नसते. लिहिलेले सगळे मेमरीच्या चिपमध्ये राहते, आणि वीज मिळत असेल तोवरच ती चिप लक्षात ठेवते. सेल संपले तरी लगेच सगळे पुसले जाऊ नये म्हणून आत एक छोटी चार्ज होणारी बॅटरी बोर्डाला सोल्डर केलेली असते. मेमरी ८ के असेल तर ती सुमारे ३० दिवस आठवण धरून ठेवते, ३२ के असेल तर सुमारे ८ दिवस. आणि यंत्र तर कित्येक वर्षे माळ्यावर पडलेले! म्हणजे आतले सगळे कधीच गेलेले होते. उरली फक्त कॅसेट. अब्बा हिशोब टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवत, तीच एक आशा.

दुकानाच्या टेबलावर यंत्र उघडले. उघडण्याआधी तळाचा मेमरीचा खटका बंद केला, तो चालू असताना आत हात घालू नये. आत पाहिले तर ती छोटी बॅटरी फुटून हिरवट-पांढरी बुरशी बोर्डावर पसरलेली. या बॅटरीतून गळते ते क्षार असते, म्हणून आधी कापसाच्या काडीने थोडा व्हिनेगर लावला आणि मग आयपीएने पुसून कोरडे केले. बॅटरी काढून नवी लावली. गळके कपॅसिटर बदलले. अॅडॅप्टर शोधतानाही सावध राहावे लागले. या यंत्राला ६ व्होल्ट लागतात आणि पिनेच्या मधल्या टोकाला ऋण बाजू, आपल्या नेहमीच्या अॅडॅप्टरच्या उलट. शेवटी आम्ही सेलच घातले.

मागचे बटण दाबून यंत्र नव्याने सुरू केले. पडद्यावर तारीख उमटली: १ जानेवारी १९००, रविवार. म्हणजे यंत्राला काहीच आठवत नव्हते. खाली कोपऱ्यात मोकळ्या जागेचा आकडा, ५,०६२.

हा आकडा पाहून आम्ही गप्प झालो. अब्बांचे यंत्र २४ के चे होते. तसे ते धड असते तर २१,४४६ दिसायला हवे होते. ५,०६२ म्हणजे फक्त ८ के जागी आहे, बाकीची मेमरी यंत्राला दिसतच नाही. आणि कॅसेटवरचा हिशोब, टेप किती वेळ वाजते यावरून पाहता, १५ हजार अक्षरांहून मोठा. तो ५ हजारांच्या जागेत बसणार कसा? पायलीचे धान्य शेराच्या मापात ओतण्यासारखे झाले.

या यंत्रात मेमरी ८-८ के च्या तुकड्यांनी वाढवता येते. तुकड्याला दोन्ही बाजूंनी पायांच्या रांगा, आणि ते पाय सॉकेटमध्ये दाबून बसवायचे. आमच्यात असे दोन तुकडे बसवलेले होते आणि एक सॉकेट रिकामे. यंत्र सुरू होताना तुकडे क्रमाने तपासते. मधला एक मेला असेल तर पुढचा धड असूनही त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. म्हणून आम्ही दोघांची जागा बदलून पाहिली. आकडा आला १३,२५४. म्हणजे एक तुकडा जिवंत होता, एक मेलेला. जागा वाढली, पण अजून अपुरी.

मेलेल्या तुकड्याचे सॉकेट साफ करून, पाय पुसून पुन्हा बसवला. पुष्कळदा दोष चिपचा नसतो, सॉकेटच्या पातळ पट्ट्यांवर गंज बसतो आणि पाय टेकत नाहीत. पण इथे दोष चिपचाच निघाला.

अशी चिप विसरवाडीत मिळणार नव्हती, धुळ्यात किंवा सुरतेतही नाही. बाजारातली साधी ८ के ची चिप त्या जागी जशीच्या तशी चालत नाही. जुन्या तुकड्यावर २-२ के च्या चार चिप आहेत आणि प्रत्येकीला हाक मारण्याची वाट वेगळी आहे. पण जगात या जुन्या यंत्रांवर जीव लावणारी माणसे आहेत. ती आजच्या चिपपासून त्याच मापाचा छोटा बोर्ड घरी बनवतात. अमेरिकेतल्या अशा एका हौशी माणसाला आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले, कशासाठी हवा तेही लिहिले. त्याने एकाऐवजी दोन तुकडे पाठवले आणि पैसे एकाचेच घेतले. पाकीट यायला बरेच आठवडे गेले.

पाकीट आले त्या दिवशी असरची नमाज होताच दुकानाचे शटर अर्धे ओढून बसलो. आणि घाईने चूक केलीच. तुकडा दाबला, यंत्र सुरू केले, आकडा तोच, १३,२५४. काढून पाहिले तर एक पाय सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडलेला. तो चिमट्याने सरळ करताना हात कापत होता, कारण असा पाय एकदा सरळ होतो, दुसऱ्यांदा तुटतो.

ज्यांच्या घरी असे काही जुने यंत्र असेल त्यांच्यासाठी आमची शिकवणी इथे लिहून ठेवतो. चिप काढताना एका टोकाने उचकटू नये. पातळ चपटे हत्यार घालून आळीपाळीने दोन्ही टोके केसभर-केसभर उचलावीत. नव्या चिपचे पाय सॉकेटपेक्षा थोडे फाकलेले असतात, म्हणून ती आडवी धरून सगळी रांग एकदम टेबलावर हलकेच दाबून सरळ करावी. चिपवरची खाच आणि सॉकेटवरची खाच एकाच बाजूला आली पाहिजे. उलटी बसली आणि वीज दिली तर चिप जळू शकते. आधी सगळे पाय आपापल्या भोकावर टेकलेत का ते दोन्ही बाजूंनी वाकून पाहावे, मगच दोन अंगठ्यांनी सारखा दाब द्यावा. आणि हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करावा, कारण कोरड्या हवेत आपल्या अंगातली न दिसणारी वीजही चिप मारू शकते. यात विद्येपेक्षा सब्र जास्त लागतो. आम्हाला तो दुसऱ्या खेपेस सुचला.

दुसऱ्या खेपेस आकडा आला २१,४४६. मशिदीतून मगरिबची अजान सुरू झाली. उठलो, नमाज पढून आलो, मगच कॅसेट हातात घेतली.

कॅसेट आम्ही थेट यंत्राला लावली नाही. फीत जुनी, एकदाच नीट वाजली तर वाजली. म्हणून आधी तिचा आवाज संगणकावर भरून घेतला. कर्कश किर्रर्र आवाज, रातकिडे ओरडावेत तसा. तो भरलेला आवाज यंत्राला ऐकवला. असा आवाज आजच्या संगणकावर थेट उलगडणारे प्रोग्रॅमही आहेत, हे आम्हाला पुढे कळले. तेव्हा ठाऊक नव्हते. पहिल्या दोन वेळा आवाज कमी पडला. तिसऱ्या वेळी पडद्यावर फाइलचे नाव उमटले आणि आम्ही श्वास रोखून बसलो. काही मिनिटांनी किरकिर थांबली. त्या ८ ओळींच्या पडद्यावर अब्बांचा हिशोब उभा होता.

पहिली ओळ बिस्मिल्लाह. त्याखाली नाव, पाडा, तारीख, रक्कम, आणि शेवटी "दिले" किंवा "बाकी".

सूरह बकराहमधली २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे आणि ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लहानपणी मकतबात हे ऐकले तेव्हा नवल वाटले होते, एवढी मोठी आयत आणि विषय हिशोबाचा! त्या रात्री नवल वाटले नाही.

एकूण ६२ नावे होती. ५९ पुढे "दिले". तीन "बाकी". ही तीन नावे आणि त्यांचे पाडे इथे छापत नाही, ज्याची अमानत त्याचे नाव चारचौघांत करणे बरे नव्हे. आमच्यापुढे प्रश्न असा, की कॅसेट २००१ ची. त्यानंतर अब्बांनी पैसे दिले असतील तर ते वहीत लिहिलेले, आणि वही तर पुरात गेली. आता विचारायचे कोणाला? ज्यांचे पैसे, त्यांनाच.

पहिले काका चिंचपाड्याच्या बाजूला राहतात. लिहिलेली रक्कम १,२०० रुपये. आम्ही पैसे पुढे केले. ते अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होते. पैशांकडे पाहिलेही नाही. म्हणाले, "मला मिळाले. शेठ स्वतः घरी आले होते, माझ्या पोरीच्या लग्नात. तुम्हाला माहीत नाही?" आम्ही म्हटले, "कागद नाही काका, तुम्ही घेतले तरी चालेल." त्यांना राग आला. "एकदा घेतलेले दुसऱ्यांदा घेऊ?" उठून आत गेले आणि शेंगांची पिशवी भरून दिली. घरात दोन वेळची चिंता असलेल्या माणसाने १,२०० रुपये परत केले, हे आम्ही आमच्या मुलांना सांगत असतो.

दुसरे नाव खांडबाऱ्याकडचे. ते गृहस्थ वारले होते. त्यांच्या पत्नीने रक्कम आमच्याआधी सांगितली, ८५० रुपये. नवरा मरताना सांगून गेला होता. ती मागायला आली नव्हती, कारण दुकान बंद झाले होते. मौलानांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, लिहिलेली रक्कम देणे बंधनकारक, वर खुशीने द्यायचे असेल तर कोणी हात धरलेला नाही. आम्ही वीस वर्षांपूर्वीच्या ८५० रुपयांत काय काय यायचे याचा हिशोब केला आणि त्याप्रमाणे दिले.

तिसरे कुटुंब गुजरातेत व्याऱ्याकडे कायमचे गेले, एवढेच कळले. दोनदा जाऊन आलो. सापडले नाही. ते पैसे पाकिटात आहेत. मौलाना म्हणाले, शोधत राहा, अगदीच आशा सुटली तर मालकाच्या नावाने सदका करा, आणि मालक पुढे आलाच तर त्याचे त्याला द्या. आम्ही अजून शोधतो आहोत.

आणि एक ओळ राहिली. यादीच्या अगदी शेवटी, पाड्याचे नाव नसलेली. तिथे अम्मीचे नाव होते. मेहर १,१०० रुपये, दिले ५००, बाकी ६००.

अब्बांचा जनाजा उठण्याआधी जमलेल्या बायकांनी अम्मीला पुढे करून "मेहर माफ केली" असे म्हणायला लावले होते. आपल्याकडे ही पद्धत अनेक घरांत आहे. आम्ही तिथेच उभे होतो आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटले नव्हते. त्या रात्री ती ओळ अम्मीला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी मला कोणी विचारले नव्हते. म्हणायला लावले, मी म्हटले." थोड्या वेळाने, "त्यांनी लिहून ठेवले होते होय?"

आम्ही विचारले, "अम्मी, देऊ का?"

"द्या," ती म्हणाली. "ते माझे आहेत."

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात ६०० रुपये ठेवले. तिने मोजून घेतले. आम्ही जास्त देऊ केले ते घेतले नाही. त्या पैशांतून तिने काय केले ते आम्ही विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. तिचे होते.

मक्का सोडण्याच्या रात्री प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, ते लोकांच्या अमानती परत करण्यासाठी. जे जिवावर उठले होते त्यांच्यातल्यांच्याही अमानती त्यांत होत्या. अब्बा हा प्रसंग पुष्कळदा सांगत. त्यांच्या सांगण्याचा अर्थ आम्हाला एका जुन्या यंत्राच्या सॉकेटपाशी कळला.

वाचक भावाबहिणींनो, प्रत्येकाच्या घरी अशी टकटक करणारी पेटी नसेल. पण कोणाचे काही देणे, कोणाची काही ठेव, बायकोची राहिलेली मेहर प्रत्येक घरात असू शकते. आज हे सगळे आपण मोबाइलमध्ये ठेवतो आणि मोबाइलला कुलूप लावतो. कुलपाचा आकडा आपल्याबरोबर कबरीत जातो. आमच्या दुकानात महिन्याला एकदोन जण तरी मरहूम वडिलांचा किंवा भावाचा फोन घेऊन येतात आणि तो उघडून मागतात. नेहमी उघडतोच असे नाही. म्हणून आम्ही आता देण्याघेण्याची यादी कागदावर लिहितो, दोन प्रती करतो, एक भावाकडे, एक बहिणीकडे. अम्मीलाही दर रमजानच्या आधी वाचून दाखवतो.

दुसरा तुकडा, तो अमेरिकेतल्या माणसाने जास्तीचा दिलेला, आम्ही रिकाम्या सॉकेटमध्ये बसवला. आता आकडा २९,६३८ येतो. यंत्र दुकानात काचेच्या कपाटात आहे आणि त्याच्या शेजारी व्याऱ्याचे पाकीट. कोणी त्या बाजूचे गिऱ्हाईक आले की आम्ही विचारतो. अल्लाहने चाहिले तर एक दिवस ते पाकीट तिथून उचलले जाईल.